मासामुने : स्वाक्षरीविना अजोड ठरलेली पाती

जपानी तलवारीचा विषय निघाला की सर्वप्रथम घेतले जाणारे नाव मासामुने या लोहाराचे असते. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने कामाकुरा या शहरात पाती घडविली. त्याच्या जन्ममृत्यूची निर्विवाद नोंद उपलब्ध नाही. आज त्याच्या म्हणून मान्य असलेल्या बहुतेक तलवारींवर त्याचे नावही कोरलेले नाही. असे असूनही गेली चार शतके जपानमधील सरदार, राजघराणी, पारखी आणि अभ्यासक यांनी त्याला तलवार घडविणाऱ्यांमध्ये अग्रस्थान दिले आहे.

हे स्थान त्याला कसे प्राप्त झाले, हा जपानी कलेतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. कारण मासामुनेची कीर्ती दोन गोष्टींवर उभी आहे. एक म्हणजे त्याच्या पोलादाचे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसणारे गुण. आणि दुसरी म्हणजे ते गुण ओळखून त्यांना नाव, किंमत आणि वंशावळ देणारी पारख्यांची परंपरा. यांपैकी एक वगळून दुसरी समजून घेता येत नाही.

कामाकुराचा काळ

बाराव्या शतकाच्या अखेरीस जपानची प्रत्यक्ष सत्ता क्योतो येथील सम्राटाच्या दरबाराकडून योद्ध्यांच्या हाती गेली. सेनापती, म्हणजे शोगुन, याचे शासन कामाकुरा येथे स्थापन झाले. पूर्वीच्या सागामी प्रांतातील आणि आजच्या कानागावा परगण्यातील हे समुद्रकाठचे गाव अल्पावधीत सत्तेचे केंद्र बनले. साहजिकच शस्त्रे घडविणाऱ्यांना तेथे आश्रय मिळाला. यामाशिरो व बिझेन या जुन्या आणि नामांकित केंद्रांतील लोहार कामाकुरात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या कौशल्याच्या संगमातून पुढे ‘सोशू’ ही स्वतंत्र शैली आकारास आली. जपानी तलवारीच्या यामातो, यामाशिरो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच प्रमुख परंपरांमध्ये तिची गणना होते.

इ. स. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोल सैन्याने जपानवर दोनदा समुद्रमार्गे स्वारी केली. दोन्ही स्वाऱ्या अयशस्वी ठरल्या. तथापि अपरिचित शत्रू, त्याची जाड चिलखते आणि समूहाने लढण्याची त्याची पद्धत यांचा अनुभव जपानी योद्ध्यांना आला. या अनुभवामुळे अधिक कणखर पाती घडविण्याची गरज निर्माण झाली आणि सोशू शैलीच्या विकासाला चालना मिळाली, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

या शैलीचा पाया शिंतोगो कुनिमित्सू याने घातला, असे मानले जाते. त्याच्या नावाचा आणि १२९३ या वर्षाचा उल्लेख असलेली कट्यार उपलब्ध असल्याने त्याचा काळ निश्चित करता येतो. युकिमित्सू आणि मासामुने हे त्याचे शिष्य. काही परंपरा मासामुनेला युकिमित्सूचा पुत्र म्हणतात, तर काही शिष्य. त्याचे लौकिक नाव ‘गोरो’ असे होते. त्याला जोडले जाणारे ‘न्यूदो’ हे उपपद संसारात राहून बौद्ध दीक्षा घेतलेल्या व्यक्तीसाठी वापरले जाते. कामाकुरा येथील होन्काकुजी या मंदिराच्या आवारात त्याची समाधी म्हणून एक स्मारक आजही दाखविले जाते.

वाळूपासून पात्यापर्यंत

जपानी तलवारीचे पोलाद लोहयुक्त वाळूपासून मिळते. मातीच्या ‘तातारा’ नामक भट्टीत ही वाळू आणि लाकडी कोळसा यांचे थर आळीपाळीने टाकले जातात आणि सुमारे तीन दिवस व तीन रात्री भाता अखंड चालू ठेवला जातो. शेवटी भट्टी फोडून आतील लोखंडाचा प्रचंड गोळा बाहेर काढतात. शिमाने परगण्यातील ओकुइझुमो येथे आजही चालविल्या जाणाऱ्या ताताराच्या एका खेपेस सुमारे १० टन वाळू आणि १२ टन कोळसा लागतो व त्यातून सुमारे अडीच टन वजनाचा गोळा मिळतो. त्याचाही काही भागच तलवारीच्या योग्यतेचा असतो. या निवडक पोलादास ‘तामाहागाने’ असे म्हणतात.

भारतातील विख्यात वूट्झ पोलाद आणि जपानी पोलाद यांत मूलभूत फरक आहे. वूट्झ पोलाद बंद मुशीत पूर्णपणे वितळविले जाई आणि थंड होताना त्याच्या अंतर्भागात जी रचना तयार होई तिच्यातून पात्यावरील नक्षी उमटे. तातारामध्ये मात्र लोखंडाचा बराचसा भाग पूर्णपणे वितळत नाही. त्यामुळे गोळ्याच्या वेगवेगळ्या भागांत कर्बाचे प्रमाण भिन्न राहते आणि त्यात मळीही अडकून असते. लोहाराला हे तुकडे फोडून, त्यांचा तुटलेला पृष्ठभाग पाहून, कठीण आणि मऊ असे वेगळे करावे लागतात.

पोलादाच्या घड्या घालण्याची प्रसिद्ध पद्धत याच गरजेतून निर्माण झाली. तापलेला तुकडा ठोकून लांब करणे, मधोमध चीर देऊन दुमडणे आणि पुन्हा ठोकून एकजीव करणे, ही क्रिया दहा-पंधरा वेळा केली जाते. दर घडीला थर दुप्पट होत असल्याने दहा घड्यांनंतर त्यांची संख्या १,०२४ आणि पंधरा घड्यांनंतर ३२,७६८ होते. थर वाढले की तलवार तितक्या पटीने बळकट होते, हा समज मात्र चुकीचा आहे. घड्यांमुळे मळी बाहेर पडते आणि कर्ब सर्वत्र सारखा पसरतो, हा त्यांचा खरा उपयोग होय. प्रत्येक घडीबरोबर थोडा कर्ब जळूनही जातो. त्यामुळे नेमके कोठे थांबावे, हे ज्ञान लोहाराच्या अनुभवावरच अवलंबून असते.

यानंतरचा निर्णायक टप्पा पात्याला पाणी देण्याचा असतो. घडविलेल्या पात्यावर माती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी यांचे मिश्रण लावतात. धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. नंतर रंगावरून तापमानाचा अंदाज यावा म्हणून लोहारशाळा अंधारी केली जाते आणि योग्य रंग येताच पाते पाण्यात बुडविले जाते. पातळ थराखालील धार तत्काळ थंड होऊन अत्यंत कठीण बनते. जाड थराखालील पाठ सावकाश निवते आणि तुलनेने मऊ व चिवट राहते. कठीण झालेल्या धारेचे आकारमान किंचित वाढत असल्याने पाते पाठीकडे वाकते. जपानी तलवारीचा डौलदार बाक बऱ्याच अंशी याच क्षणी सिद्ध होतो. काही पाती याच क्षणी तडकतातही, आणि अनेक दिवसांचे श्रम वाया जातात.

सोशू शैलीत हा धोका अधिक पत्करला जातो. या परंपरेत पाते तुलनेने अधिक तापवून वेगाने थंड केले जाते. कमी-अधिक कर्बाचे पोलाद एकत्र घडविल्यामुळे निरनिराळे थर उष्णतेला निरनिराळा प्रतिसाद देतात. परिणाम साधला तर तो विलक्षण असतो. साधला नाही तर पाते निकामी होते. सोशू पद्धत यशस्वीपणे हाताळणारे लोहार पुढील काळातही थोडेच झाले, याचे कारण येथे आहे.

पोलादातील दृश्य

कठीण धार आणि मऊ पाठ यांच्या सीमेवर एक पांढुरकी रेषा उमटते. तिला ‘हामोन’ असे म्हणतात. प्रत्येक परंपरेची आणि बहुधा प्रत्येक लोहाराची हामोन वेगळी असते. काहींची सरळ, काहींची फुलांच्या पाकळ्यांसारखी, तर काहींची लाटांसारखी. मासामुनेची हामोन मंद हेलकावे घेणाऱ्या लाटेप्रमाणे असते आणि तिच्या कडा काटेकोर नसतात.

या रेषेवर आणि तिच्या आसपास पोलादाचे सूक्ष्म स्फटिक चमकतात. ते इतके बारीक असले की धुक्याचा पट्टा भासावा, तर त्यांना ‘निओइ’ म्हणतात. सुटे सुटे ओळखू येतील इतके मोठे असले तर ‘निए’ म्हणतात. मासामुनेच्या पात्यांचे वैशिष्ट्य निएच्या विपुलतेत आणि त्यांच्या निर्मळ चमकेत आहे. धारेच्या भागात विजेसारख्या लखलखणाऱ्या बारीक रेषा दिसतात. त्यांना ‘किन्सुजी’, म्हणजे सोनेरी रेषा, असे नाव आहे. पात्याच्या अंगावर काळसर, ओलसर भासणाऱ्या रेषा असतात. त्यांना ‘चिकेइ’ म्हणतात. हे सर्व पोलादाच्या अंतर्गत रचनेचे दर्शन असते. त्यात वरून कोरलेले किंवा रंगविलेले काहीही नसते.

हे दृश्य लोहाराच्या हातून निर्माण होत असले तरी ते प्रकट करतो तो शिकलगार. जपानमध्ये तलवारीला धार लावणे आणि तिचे अंग उजळणे ही लोहारकामाच्या तोडीची स्वतंत्र विद्या आहे. उत्तरोत्तर मऊ होत जाणाऱ्या दगडांवर पाते अनेक दिवस घासले जाते. अखेरीस शिकलगार दगडाचे नखाएवढे पातळ तुकडे अंगठ्याखाली धरून काम करतो. शिकलगाराची चूक भरून येत नाही, कारण घासलेले पोलाद परत मिळत नाही. मासामुनेची सातशे वर्षांपूर्वीची पाती आज ज्या स्वरूपात दिसतात, त्यामागे शिकलगारांच्या अनेक पिढ्यांचा संयम आहे.

काही पात्यांवर कोरीव कामही आढळते आणि त्याचा धागा भारताशी जुळतो. नागोया येथील तोकुगावा कला संग्रहालयातील ‘फुदो मासामुने’ या स्वाक्षरीयुक्त कट्यारीवर फुदो या देवतेची आकृती कोरलेली आहे. फुदो म्हणजे वज्रयान बौद्ध परंपरेतील अचल. एका हाती खड्ग आणि दुसऱ्या हाती पाश धारण करणारी ही उग्र देवता भारतातून चीनमार्गे जपानमध्ये पोहोचली आणि योद्ध्यांची आराध्य बनली. जपानमधील अनेक जुन्या तलवारींवर सिद्धम् लिपीतील संस्कृत बीजाक्षरेही कोरलेली आढळतात.

स्वाक्षरीचा अभाव

जपानी लोहार आपले नाव मुठीच्या आत जाणाऱ्या पात्याच्या भागावर कोरीत असे. मासामुनेच्या नावाच्या विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या स्वाक्षऱ्या मोजक्या कट्यारींवरच आहेत. फुदो मासामुने आणि क्योगोकू मासामुने ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. त्याच्या लांब तलवारी मात्र आज स्वाक्षरीविनाच आढळतात.

याचे एक कारण ऐतिहासिक आहे. कामाकुरा काळातील तलवार घोड्यावरून वापरण्यासाठी लांब बनविली जात असे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पायदळाच्या लढाया वाढल्या आणि कमरेच्या पट्ट्यात खोचून झटकन उपसता येईल अशा आखूड तलवारींची आवश्यकता भासू लागली. तेव्हा जुनी पाती मुठीच्या बाजूने कापून लहान करण्यात आली. टोकाकडून कापल्यास पात्याचा आकार आणि कठीण धार बिघडली असती. म्हणून मुठीचा भाग गेला आणि त्याबरोबर नावही गेले. दुसरे कारण म्हणून असे सांगितले जाते की, शोगुनच्या आश्रयाने काम करणारा लोहार त्याच्यासाठी घडविलेल्या शस्त्रावर आपले नाव घालीत नसावा. मासामुनेचे काम इतके निराळे होते की त्याला नाव कोरण्याची गरजच वाटली नाही, हे तिसरे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी ते त्याच्या कीर्तीनंतर रचलेले दिसते.

कारण कोणतेही असो, स्वाक्षरी नसल्याने पात्याचा कर्ता ठरविण्याचे काम तज्ज्ञांकडे आले. येथून होन-आमी घराण्याचे महत्त्व सुरू होते.

होन-आमी घराणे आणि नामांकित तलवारी

होन-आमी हे क्योतो येथील शिकलगार व पारख्यांचे घराणे. सुलेखन आणि मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला कलावंत होन-आमी कोएत्सू (१५५८–१६३७) हा याच कुळातील. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपान एकछत्री अमलाखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीने या घराण्यातील होन-आमी कोतोकू याच्याकडे तलवारींच्या परीक्षणाचे काम सोपविले. पात्याची परीक्षा करून कर्त्याचे नाव व मूल्य नमूद केलेले घडीचे प्रमाणपत्र देण्याची प्रथा पुढे रूढ झाली. काही पात्यांच्या मुठीकडील भागावर तो निर्णय सोन्याने जडविण्यातही आला.

त्या काळी राजकीय व्यवहारात तलवारीचे स्थान वेगळे होते. युद्धातील पराक्रमाबद्दल जमीन देणे नेहमीच शक्य नसे. नामांकित तलवार किंवा चहाचे दुर्मिळ भांडे हे त्याऐवजी देता येणारे, सहज हलविता येणारे आणि सर्वांना मान्य असलेले पारितोषिक होते. तह, विवाह, वारसाहक्क आणि निष्ठेची कबुली अशा प्रसंगी तलवारींची देवाणघेवाण होई. मासामुनेचे पाते मिळणे याचा अर्थ सत्ताधीशाच्या निकटवर्तीयांत गणना होणे असा होता. त्यामुळे अनेक तलवारी पूर्वीच्या मालकाच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. होंजो मासामुने, शिमाझू मासामुने, कान्झे मासामुने ही त्याची उदाहरणे आहेत.

१७१९ साली आठवा तोकुगावा शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून होन-आमी घराण्याने देशातील नामांकित तलवारींची यादी सादर केली. ती ‘क्योहो मेइबुत्सुचो’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात मासामुनेच्या पात्यांची संख्या इतर कोणत्याही लोहाराच्या पात्यांहून अधिक आहे. मासामुने, आवातागुची योशिमित्सू आणि गो योशिहिरो हे तीन लोहार तेव्हापासून सर्वश्रेष्ठ त्रयी म्हणून मानले जाऊ लागले. आगीत सापडलेल्या तलवारींचीही नोंद या यादीत आहे. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा आणि १६५७ च्या एदो शहरातील महाभयंकर आगीत अनेक प्रसिद्ध पाती होरपळली. आगीत तापलेल्या पात्याचा कठीणपणा नष्ट होतो आणि हामोन पुसली जाते. अशा काही पात्यांना एचिझेन यासुत्सुगू या लोहाराने पुन्हा पाणी दिले. त्यांचा आकार टिकला. मूळ लोहाराने दिलेले पाणी मात्र कायमचे गेले.

मासामुनेच्या अस्तित्वावर संशय

१८७६ मध्ये मेइजी सरकारने सर्वसामान्यपणे तलवार बाळगण्यास बंदी घातली. सामुराई वर्गाचे विशेषाधिकार संपले आणि जुन्या समजुतींची नव्याने चिकित्सा होऊ लागली. याच वातावरणात १८९६ मध्ये तलवारींचे जाणकार इमामुरा नागायोशी यांचे मत ‘योमिउरी’ या वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले आणि एकच खळबळ उडाली. मासामुनेची थोरवी ही हिदेयोशीच्या काळातील निर्मिती असावी, असा त्यांचा एकंदर रोख होता. खात्रीची स्वाक्षरी असलेली पाती जवळपास नाहीत आणि सरदारांना वाटण्यासाठी मौल्यवान तलवारींची गरज हिदेयोशीला होती, हे या शंकेचे आधार होते.

हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नव्हता. त्यामुळे अभ्यासकांना जुन्या कागदपत्रांकडे वळावे लागले. क्योतो येथील तोजी मंदिराच्या कांची-इन या उपमठात जतन झालेली आणि १४२३ साली नकललेली लोहारांची सूची या वादात महत्त्वाची ठरली. आज ती जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयात आहे. तिच्यात सागामी प्रांतातील लोहारांमध्ये मासामुनेचा उल्लेख येतो. म्हणजेच हिदेयोशीच्या उत्कर्षापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे हे नाव जाणकारांना ज्ञात होते. स्वाक्षरीयुक्त कट्यारींचा तौलनिक अभ्यासही त्याच्या बाजूने गेला. आज त्याचे अस्तित्व आणि श्रेष्ठत्व सर्वसाधारणपणे मान्य आहे.

तथापि या वादाने एक विवेक रुजविला. एखादे विशिष्ट पाते मासामुनेचेच आहे हे विधान, शैलीचा अभ्यास आणि मालकीचा इतिहास यांवर आधारलेला निर्णय असतो, याचे भान आले. ‘मासामुनेचे दहा शिष्य’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नामावलीतील काहींचा काळ त्याच्याशी जुळत नाही, हेही स्पष्ट झाले. सादामुने याच्यासारख्या थेट वारसदाराचे नाते मात्र पात्यांच्या साधर्म्यामुळे टिकून राहिले.

दंतकथांचे मासामुने

मासामुनेविषयीची सर्वाधिक लोकप्रिय कथा त्याच्या आणि मुरामासा या लोहाराच्या स्पर्धेची आहे. दोघांच्या तलवारी वाहत्या ओढ्यात उभ्या केल्या. मुरामासाच्या धारेने वाहत आलेले प्रत्येक पान कापले, तर मासामुनेच्या धारेजवळून पाने अलगद बाजूने निघून गेली, अशी ती कथा. निष्पाप जीवाला न दुखविणारी तलवारच श्रेष्ठ, हे तिचे तात्पर्य. इतिहासाला मात्र ही भेट मान्य नाही. इसे प्रांतातील मुरामासाच्या नावाची सर्वांत जुनी कालनिर्देशित तलवार १५०१ सालची आहे आणि तेव्हा मासामुनेला जाऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला होता.

पाणी देण्यासाठी घेतलेल्या पाण्याचे तापमान चोरून जाणून घेणाऱ्याचा हात तोडल्याची कथाही त्याच्या नावाशी जोडली गेली आणि रंगभूमीवर गाजली. मासामुने हे नाव तांदळाच्या मद्याच्या अनेक जपानी प्रकारांनाही आहे. परंतु त्याचा उगम लोहाराशी नाही. त्याच चित्राक्षरांचा ‘सेइशू’ हा दुसरा उच्चार स्वच्छ मद्याच्या जपानी शब्दाशी जुळतो, या श्लेषातून ते आले, असे सांगितले जाते.

हरवलेली होंजो मासामुने

मासामुनेच्या पात्यांपैकी सर्वाधिक चर्चा जिच्याबद्दल होते, ती तलवार आज कोठेही पाहता येत नाही. सोळाव्या शतकातील सेनानी होंजो शिगेनागा याच्यावरून तिला नाव मिळाले. परंपरेनुसार, लढाईत शत्रूने या तलवारीने त्याचे शिरस्त्राण फोडले. पण तो बचावला आणि तलवार त्याच्या हाती आली. पुढे पैशाच्या अडचणीमुळे त्याने ती १३ सुवर्णनाण्यांना विकली, असे सांगितले जाते. हिदेयोशीच्या घराण्याकडून फिरत ती तोकुगावा इएयासूकडे आली आणि त्याच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. शोगुनशाहीची प्रतीकस्वरूप तलवार म्हणून तिला मान मिळाला. १९३९ मध्ये तत्कालीन कायद्यान्वये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा देण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताबा-प्रशासनाने शस्त्रे जमा करण्याचा आदेश काढला. कलात्मक मूल्याच्या तलवारींना सवलत मिळावी यासाठी जपानी तज्ज्ञ प्रयत्नशील होते आणि ती काही प्रमाणात मिळालीही. मात्र आरंभीच्या गोंधळात असंख्य तलवारी नष्ट झाल्या किंवा सैनिकांबरोबर देशाबाहेर गेल्या. तोकुगावा घराण्याचे प्रमुख इएमासा यांनी डिसेंबर १९४५ मध्ये होंजो मासामुनेसह घराण्यातील अनेक तलवारी टोकियोतील मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केल्या. पुढील महिन्यात त्या एका अमेरिकी सैनिकाच्या हवाली करण्यात आल्याचे सांगितले जाते. त्यानंतर या तलवारीचा माग लागलेला नाही.

ती पुन्हा समोर आली तरी ओळखणे सोपे नाही. पात्यावर स्वाक्षरी नाही, आणि काळजी न घेतल्यास गंज काही दशकांत हामोन झाकून टाकू शकतो. तरीही आशा पूर्णपणे मावळलेली नाही. सुमारे दीडशे वर्षे ठावठिकाणा नसलेली ‘शिमाझू मासामुने’ ही तलवार क्योतो राष्ट्रीय संग्रहालयास देणगीच्या रूपाने मिळाली आणि २०१४ मध्ये तिची ओळख पटल्याचे जाहीर झाले.

आजचे मानदंड

१९५० च्या सांस्कृतिक संपदा संरक्षण कायद्याखाली जपानमधील शंभराहून अधिक तलवारींना राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता मिळाली आहे. त्यांत मासामुनेच्या अनेक पात्यांचा समावेश होतो. स्वयंपाकघरातील सुरीप्रमाणे रुंद व आखूड असल्याने ‘होचो’ म्हणजे सुरी हे नाव पडलेल्या त्याच्या तीन कट्यारीही या यादीत आहेत. राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळालेली वस्तू देशाबाहेर विकता येत नाही.

तलवार घडविण्याची विद्या युद्धानंतर काही वर्षे बंद पडली होती. १९४८ मध्ये जपानी तलवार जतन संस्थेची स्थापना झाली. १९५३ पासून परवान्याखाली नवी पाती घडविण्यास अनुमती मिळाली आणि १९५५ मध्ये ताकाहाशी सादात्सुगू हे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळविणारे पहिले तलवार-लोहार ठरले. युद्धाबरोबर विझलेली तातारा भट्टी १९७७ मध्ये ओकुइझुमो येथे पुन्हा पेटविण्यात आली. तेथील पोलाद आज देशभरातील लोहारांना पुरविले जाते.

नव्या लोहाराला परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते. हा काळ बहुधा विनावेतन असतो. परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडविण्याची मर्यादा आहे. खर्च मोठा, ग्राहक मोजके आणि शिक्षण दीर्घ. त्यामुळे लोहारांची संख्या गेल्या काही दशकांत घटत गेली आहे. २०१५ नंतर तलवारींना पात्रांचे रूप देणाऱ्या ‘तोकेन रान्बू’ या संगणकीय खेळामुळे तरुण पिढी, विशेषतः तरुणी, मोठ्या संख्येने संग्रहालयांकडे वळल्या. प्रेक्षक वाढले, त्यांच्यातून शिष्य किती मिळतात, यावर परंपरेचे भवितव्य अवलंबून राहील.

जतन संस्थेच्या स्पर्धेत असामान्य पात्यासाठी ठेवलेल्या सर्वोच्च पुरस्काराचे नाव ‘मासामुने पुरस्कार’ असे आहे. तो दरवर्षी दिला जात नाही. आधुनिक लोहारांना पोलादाचे रासायनिक विश्लेषण आणि भट्टीतील तापमानाची अचूक मोजमापे उपलब्ध आहेत. तरीही कामाकुरा काळातील निएची चमक जशीच्या तशी साधली आहे, असा दावा निःशंकपणे केला जात नाही. कच्च्या मालातील फरक, भट्टीची पद्धत आणि हरवलेले कार्यज्ञान अशी कारणे यासाठी दिली जातात. मासामुनेचे नाव आज टिकून आहे ते या न सुटलेल्या प्रश्नामुळेही.

त्याची पाती प्रामुख्याने टोकियो राष्ट्रीय संग्रहालय, नागोयाचे तोकुगावा कला संग्रहालय, टोकियोतील मित्सुई स्मारक संग्रहालय आणि ओकायामाचे हायाशिबारा कला संग्रहालय येथील संग्रहांत आहेत. पोलादाला आर्द्रतेपासून जपावे लागत असल्याने ती कायम मांडलेली नसतात. ठरावीक काळ प्रदर्शित करून पुन्हा साध्या लाकडी म्यानात ठेवली जातात. पाहणाऱ्याला दिव्याच्या संदर्भात आपली जागा हळूहळू बदलावी लागते. एका विशिष्ट कोनातून प्रकाश पडला, म्हणजे पात्यावरील निए आणि सोनेरी रेषा स्पष्ट दिसू लागतात.